गॅलरीतली बाग: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत पहिलं वर्ष

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये गर्दी उसळते. घोडबंदर रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात, स्टेशनबाहेर हातगाडीवर गुलाब-मोगऱ्याची रोपं येतात आणि ज्यांनी कधी कुंडी भरलेली नाही तेही चार काळ्या पिशव्या हातात घेऊन घरी जातात. श्रावण येईपर्यंत त्यातली बरीच रोपं पिवळी पडून, मुळं कुजून गेलेली असतात. मग माणूस म्हणतो, "माझ्या हाताला झाड लागत नाही."

हाताचा काही दोष नाही, मुहूर्त चुकला. शेतकरी मृगावर पेरतो कारण त्याची मदार आभाळाच्या पाण्यावर असते. तुमच्याकडे नळ आहे. कुंडीतल्या झाडाला आपल्या भागात पाण्याची टंचाई फारशी मारत नाही, पाण्याचा अतिरेक मारतो. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आठवडाभर ऊन दिसत नाही आणि हवा इतकी दमट असते की माती वाळतच नाही. नवशिक्याने पहिली परीक्षा नेमकी याच पेपरात का द्यावी?

म्हणून बागेचं वर्ष ऑक्टोबरपासून मोजा. पाऊस परततो, कीड आटोक्यात असते, पुढचे चार-पाच महिने हवा माफ करणारी असते. तोवर हात बसतो. सप्टेंबर हा तयारीचा महिना.

आधी ऊन बघा, रोप नंतर

गॅलरी कुठल्या दिशेला उघडते हे स्वतः तपासा. "फ्लॅट पूर्वाभिमुख आहे" असं एजंटने सांगितलं असेल तर ते बहुतेक वेळा मुख्य दाराबद्दल असतं. गॅलरी त्याच्या बरोबर उलट बाजूला असू शकते. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता गॅलरीचे फोटो काढा. ऊन कुठे पडतं, समोरच्या टॉवरची सावली कधी येते, कबुतरांची जाळी किती उजेड खाते, सगळं दिसतं. पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा जमतील. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या, पुदिना, गवती चहा, तुळस. त्याहून कमी असेल तर हळद, आलं, अळू, मनी प्लांट आणि पानांची शोभेची झाडं. कमी उन्हात टोमॅटो लावून त्याला रोज खत घालत बसणारे लोक मी पाहिले आहेत. खताने ऊन भरून निघत नाही.

पण हे फोटो एकदा काढून भागत नाही, आणि इथेच बहुतेक माहितीपत्रकं कमी पडतात. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा ऊन पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. मेच्या मध्याला तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत लगडलेली मिरची उन्हाळ्यात अचानक रुसते, तेव्हा तिला रोग झालेला नसतो, तिचं ऊन गेलेलं असतं. उत्तरेच्या गॅलरीचं उलट. तिला थंडीत थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. एप्रिल ते ऑगस्ट मात्र सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. अर्थात जून-जुलैत ढग असल्याने त्याचा उपयोग बेताचाच. पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी: सकाळचं कोवळं ऊन वर्षभर, दुपारची भाजणी नाही. पश्चिमेची सगळ्यात अवघड: मार्चपासून दुपारी दोननंतर भट्टी, आणि जूनपासून नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस थेट आत.

यावर उपाय एकच, आणि हाच या सगळ्या लेखाचा गाभा समजा: कुंडी कायमची एका जागी ठेवायची नाही. गॅलरीत तीन जागा मनाशी धरा. एक कठड्यालगतची, जिथे ऊन आणि पाऊस दोन्ही सगळ्यात जास्त. दुसरी मधली. तिसरी भिंतीलगतची, आडोशाची. ऋतू बदलला की कोणती कुंडी कुठल्या जागी जाईल एवढं कळलं की निम्मी बागकाम-विद्या आली. यासाठी कुंड्या उचलता येतील इतक्याच मोठ्या घ्या, किंवा मोठ्या कुंडीखाली चाकांचा स्टँड लावा.

कुंडी आणि माती

भिजलेली १२ इंची कुंडी साधारण २० किलोची होते. अशा दहा कुंड्या ग्रिलवर एका ओळीत ठेवण्याआधी विचार करा. ग्रिलचे बोल्ट जुने असतील, गंजले असतील, तर जड कुंड्या आत जमिनीवर, ग्रिलमध्ये फक्त हलक्या. कठड्याच्या माथ्यावर मात्र एकही कुंडी नको, कितीही बांधली तरी नको. खाली माणसं चालतात. सोसायटीचे नियमही विचारून घ्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल पाणी ठिबकलं की त्या नियमांची ओळख होतेच, ती आधीच झालेली बरी.

मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोलीचा ट्रे किंवा थर्माकोलचा खोका चालतो. फळबाजारात आणि मासळीबाजारात असे खोके मिळतात, ते धुऊन तळाला भोकं पाडा. उन्हाळ्यात माती तापू देत नाहीत हा त्यांचा मोठा गुण. तुळस, मिरची, पुदिना यांना आठ ते दहा इंच. टोमॅटो, वांगी, मोगरा यांना बारा ते चौदा. दुधी, कारल्याच्या वेलाला रंगाचा २० लिटरचा डबा लागतो, त्याहून कमी नको. मातीची कुंडी पावसाळ्यात उत्तम कारण ती अंगातून पाणी सोडते, पण मे महिन्यात त्याच गुणामुळे दिवसातून दोनदा पाणी मागते. प्लॅस्टिकचं बरोबर उलटं. दोन्ही थोड्या थोड्या ठेवा.

कुंडीच्या तळाशी दगड-विटांचा जाड थर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं आणि मुळांच्या वाट्याची माती मात्र कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. खरा निचरा होतो तो कुंडी जमिनीपासून बोटभर वर उचलल्याने. खाली विटांचे तीन तुकडे द्या.

मातीबद्दल एक इशारा. वाशी, ऐरोली, बाळकुम, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागात राहत असाल तर खाडीकाठची माती किंवा वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. ती खारी असते. इमारतीच्या आवारातली मातीही बऱ्याचदा भरणीचा मुरूम आणि सिमेंटचा चुरा असतो. नर्सरीतून लाल माती विकत घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा). कोकोपीट वापरण्याआधी दोनदा पाण्यात धुऊन पिळा, त्यात मीठ असतं. तुमच्या गॅलरीत पाऊस थेट येत असेल तर कोकोपीट निम्मं करून त्या जागी जाड वाळू किंवा भाताचं तूस घाला.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच कुंडीत लावू नका. आठवडाभर सावलीत राहू द्या, हवेशी जुळवून घेऊ द्या. लावताना मुळांभोवतीचा चिकट लाल मातीचा गोळा बाहेरून हलक्या हाताने मोकळा करा. तो तसाच ठेवला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा असा प्रकार होतो, आणि फुलांनी भरलेला गुलाब महिनाभरात वाळतो. खरं तर फुलांनी भरलेला गुलाब घेऊच नका. फुलं नसलेला, तळापासून दोन-तीन जाड फांद्या फुटलेला घ्या.

ऑक्टोबर: पेरणी

हस्ताचा पाऊस ओसरला की कामाला लागा. पावसाळी वारे मुंबई-ठाण्यातून साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास परततात, काही वर्षी लांबतात. त्यानंतर ऑक्टोबरची उष्णता येते. पहिल्या दोन आठवड्यांत पेरलेली कोथिंबीर या तडाख्यात तग धरत नाही, म्हणून तिला दिवाळीपर्यंत थांबवा. मेथी, लाल माठ आणि पालक महिन्याच्या मध्यापासून पेरा.

सुरुवात मेथीने करा, कारण ती नवशिक्याला निराश करत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, ओल्या मातीवर दाट पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेली, कोवळ्या पानांची समुद्र मेथी मिळते ना, तशीच दोन आठवड्यांत मुळासकट उपटून खाता येते. मोठी मेथी हवी असेल तर महिनाभर थांबा. दर दहा दिवसांनी एक नवा ट्रे पेरत राहिलात तर थंडीभर घरची भाजी मिळते.

कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याखाली हलके दाबून दोन फाकी करा. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. उगवायला आठ ते दहा दिवस घेते, तेवढ्यात "आलं नाही" म्हणून माती उकरू नका. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं नर्सरीतून आणलीत तरी चालेल. बी पेरत असाल तर सप्टेंबरच्या शेवटी पेरून रोपाला चार-पाच खरी पानं (कोंबाच्या पहिल्या जोडीनंतरची) आली की मोठ्या कुंडीत हलवा. बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. त्याहून खोल पुरलं तर ते वर येताना दमतं.

गुलाबाची छाटणी याच महिन्यात. वाळक्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या पूर्ण काढा, बाकीच्या एक तृतीयांश कापा, काप डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या फुगवट्याच्या, थोडा वर आणि तिरका. साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

शेवंतीबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिला कळी धरायला लांब रात्र लागते, आणि रात्र म्हणजे खरा अंधार. गॅलरीत रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट तिच्यावर पडत असेल, तर झाड उंच वाढतं, हिरवंगार दिसतं आणि फुलत नाही. खत-पाणी बदलण्याआधी ती कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवून बघा.

या दिवसांत जवळजवळ सगळ्या कुंड्या कठड्याकडे असू द्या. ऊन दक्षिणेला सरकतंय, जितकं मिळेल तितकं घ्यावं.

थंडी

आपल्याकडची थंडी स्वेटर कपाटातून निघेपर्यंत संपते. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला किंवा खारघरच्या टेकड्यांजवळ राहणाऱ्यांना पहाटे जरा जास्त जाणवते, इतकंच. झाडांना ही हवा मानवते. पाणी कमी करा: बोट मातीत दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, आणि सकाळीच घाला. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत.

केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, यांच्याबद्दल लोक फार उत्साहाने विचारतात. घाला, बिघडत काही नाही, पण झाड त्यावर जगत नाही. टरफलं मातीत कुजायला फार वेळ घेतात आणि साखर घातलेल्या चहाचा चोथा मुंग्यांना आमंत्रण देतो. ओल्या कचऱ्याचं खत करायचं तर नीट करा: भोकं पाडलेली बादली, सालं आणि देठांचा एक थर, त्यावर वाळक्या पानांचा किंवा कोकोपीटचा तितकाच जाड थर, शिजवलेलं-तेलकट काही नाही. दोन महिन्यांत वापरण्याजोगं होतं. वास येऊ लागला तर कोरडं कमी पडलंय एवढाच त्याचा अर्थ.

डिसेंबर-फेब्रुवारीत मावा ही रस शोषणारी बारीक कीड येते, कोवळ्या शेंड्यांवर आणि टोमॅटो-चवळीवर. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. उरलेल्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण, नीट हलवून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला असेल तर आधी मुंग्यांचा रस्ता तोडा; त्या त्याला फांदीवरून फांदीवर नेतात. कुंडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवण्याचा सोपा उपाय काही जण सुचवतात, पण त्यात डास होतात, ते नकोच.

तुळशीच्या लग्नानंतर तुळस झडायला लागली तर घाबरू नका. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडत राहिलं की ती जास्त टिकते. तरी वाळलीच तर खाली पडलेल्या बियांतून पुढच्या पावसात ढीगभर रोपं येतात.

जानेवारीच्या शेवटी मोगऱ्याला आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी द्या, मग फांद्या निम्म्यापर्यंत छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, वरची माती उकरून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. झाड बिचारं दिसतं, शेजारी विचारतात काय झालं. चैत्रात उत्तर मिळतं.

फाल्गुन ते वैशाख: कुंड्या मागे घ्या

होळीनंतर कुंड्या हलवायला सुरुवात. पश्चिमेच्या गॅलरीत कठड्याकडची प्रत्येक नाजूक कुंडी मधे किंवा भिंतीशी आणा, कठड्याकडे फक्त सदाफुली, कोरफड, बोगनवेल, मोगरा असे सोसणारे ठेवा. जाळीला बाहेरून ५० टक्के सावलीचं हिरवं कापड बांधलं तर मिरची-वांगी वाचतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडते आणि माती कमी तापते. मातीवर वाळकी पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. दुपारच्या उन्हात मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप उभं राहिलं तर ते तहानलेलं नसतं. सकाळीही मान खाली असेल तर पाणी कमी पडतंय.

एसीचं बाहेरचं युनिट गॅलरीत असेल तर त्याच्या तोंडासमोर काहीही ठेवू नका. त्या गरम झोतात दोन दिवसांत पानं करपतात, आणि माणूस बुरशीचं औषध शोधत बसतो. त्याच एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र बादलीत साठवा, क्षारविरहित असतं, फुलझाडांना चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी त्याच्या उलट, क्षारांनी भरलेलं. ते रोज घालत राहिलात तर कुंडीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. मेमध्ये पाणीकपात असते तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम, मीठ पडण्याआधीचं.

या दिवसांत पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली कोळ्यासारखी जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पानं खालून पाण्याने धुणं हेच औषध.

मेच्या सुट्टीत गावाला जाणार असाल तर सगळ्या कुंड्या भिंतीशी गोळा करा, मधोमध पाण्याची बादली उंचावर ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल खुपसा. आठवडा निघतो. त्याहून जास्त दिवसांसाठी शेजाऱ्याला किल्ली द्या, आणि आल्यावर आंबे. दोरी तेवढं करत नाही.

अक्षय्य तृतीयेपासून मेअखेरपर्यंत हळद आणि आलं लावा. बाजारातलं कोंब फुटलेलं ओलं कांड, मोठा उथळ टब, दोन इंच खोल. हळदीला थोडी सावली चालते, पूर्वेच्या आणि उत्तरेच्या गॅलरीसाठी याहून सोयीचं पीक मला माहीत नाही. श्रावणात नागपंचमीला पातोळ्यांसाठी घरची पानं मिळतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की मातीखाली हळदीचे कंद.

मृगाआधीचा आठवडा

मोसमी पाऊस आपल्याकडे साधारण ११ जूनच्या सुमारास पोचतो. त्याआधी एक रविवार यासाठी राखा. प्रत्येक कुंडीचं भोक काडीने मोकळं करा, मुळांनी बुजलेलं असतं. गॅलरीची पन्हाळी साफ करा. उंच झाडं छाटा, वाऱ्यात आधी तीच पडतात. लटकत्या कुंड्या खाली उतरवा. कुंडीखालच्या सगळ्या बशा काढून माळ्यावर टाका, चार महिने त्यांचं काम नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जी भांडी काढता येत नाहीत ती आठवड्यातून एकदा पूर्ण उपडी करा. पालिकेचे कर्मचारी तपासायला येतात तेव्हा ते सगळ्यात आधी कुंड्यांखालीच बघतात.

पावसाळा

आता दोन प्रकारच्या गॅलऱ्या वेगळ्या होतात. ज्यांच्याकडे पाऊस थेट आत येतो, म्हणजे पश्चिम आणि नैर्ऋत्य, त्यांनी कोरफड, निवडुंग, गुलाब, तुळस, कढीपत्ता भिंतीशी न्यावेत आणि कठड्याकडे अळू, गवती चहा, सोनटक्का, लिली, अनंत, तेरडा यांना जागा द्यावी. त्यांना भिजायला आवडतं. ज्यांची गॅलरी खोल आणि आडोशाची आहे त्यांचा घोटाळा वेगळा: बाहेर धो धो पाऊस, म्हणून कोणी पाणी घालत नाही, आणि आत कुंडी ठणठणीत कोरडी. बोट खुपसून बघण्याला पर्याय नाही.

खत जवळजवळ बंद ठेवा. धुवाधार पावसात ते वाहून खालच्या मजल्यावर जातं. पावसाने उघडीप दिली की वरची माती खुरप्याने हलवा, हवा जाऊ द्या, वर जमलेलं हिरवं शेवाळ खरवडून टाका. एखादं झाड ओल्या मातीतही मलूल दिसलं तर त्याला आणखी पाणी नको. कुंडीतून काढून बघा. मुळं तपकिरी, मऊ आणि वासाची असतील तर ती कापून कोरड्या मातीत लावा, वरचा भारही तितकाच छाटा. गोगलगायी रात्री निघतात, टॉर्च घेऊन हाताने वेचा. मीठ टाकू नका, माती बिघडते.

नवीन काही लावायचंच असेल तर हे दिवस काड्यांसाठी सोन्यासारखे. जास्वंद, मोगरा, तगर, अबोली, पानओवा, शेवंती, सगळ्यांच्या वीतभर काड्या खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा, महिन्याभरात मुळं धरतात. नर्सरीत पैसे देण्यापेक्षा सोसायटीत कोणाच्या दारात काय फुललंय ते बघा आणि गोड बोलून एक काडी मागा.

वेलवर्गीय भाज्यांना पाच तासांचं ऊन आणि बांधायला जाळी असेल तर कारलं लावून बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' ही जात याच दमट हवेसाठी तयार केलेली आहे. चवळीची 'कोकण सदाबहार'ही तशीच. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, म्हणून फलधारणा तुम्हाला करावी लागेल. ज्या फुलाच्या मागे इवलंसं कारलं दिसतं ते मादी फूल, ज्याच्या मागे नुसता देठ ते नर. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे करा आणि परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलके फिरवा. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे हेच काम दिवेलागणीला.

जुलैच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत झेंडू पेरा, आडोशाला. दसऱ्याच्या तोरणापुरती फुलं मिळतील. मागच्या वर्षीच्या तोरणातली वाळलेली फुलं ठेवली असतील तर त्यातल्या काळ्या काड्यांसारख्या बिया चालतात. फुलं आईबापांसारखीच येतील याची खात्री मात्र नाही.

भाद्रपद

ऋषिपंचमीच्या भाजीला घरचा अळू, बाप्पाला घरची दूर्वा आणि लाल जास्वंद, एवढं या महिन्यात निघतं. दूर्वेला उथळ ट्रे आणि भरपूर ऊन लागतं, बाकी तिला काही लागत नाही. गणपतीला कोकणात जाताना मेइतकी चिंता नसते, पण आडोशाच्या गॅलरीवाल्यांनी दोरी-बादली लावूनच निघावं.

परत आल्यावर पितृपंधरवड्यात रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती वर्तमानपत्रावर पसरा. ऊन पडेल त्या दिवशी चांगली वाळू द्या, मुळांचे तुकडे आणि हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचून काढा, मग एक तृतीयांश नवं खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पोत्यात भरून ठेवा. जुनी माती फेकण्याची गरज नाही. टोमॅटोची माती मेथीला आणि मेथीची टोमॅटोला द्या म्हणजे झालं. टोमॅटोचं बी तेवढं आता पेरा. पालेभाज्यांची पाकिटं इतक्यात फोडू नका. सप्टेंबरच्या दमट हवेत उघडं राहिलेलं बी ओल धरतं आणि मग उगवत नाही. फोडलंच असेल तर हवाबंद डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट, फ्रिजच्या दारात ठेवा.